उणे तीनच्या आधी

रात्री पारा उणे तीनवर जाणार असं फोननं सांगितलं, तेव्हा कुठे चारुदत्तनं अळवाची पानं कापायला परवानगी दिली.

"सगळी?" स्वरूपानं विचारलं.

"सगळी. नाहीतर सकाळी काळी पडून लोळतील."

"म्हणजे कंदाला नकोशी झाल्यावर आपली."

जर्मनीत, इंगोलश्टाटमधल्या त्यांच्या भाड्याच्या घरामागे चटईएवढी बाग होती आणि तिच्यात हे अळू तीन वर्षं उभं होतं. थंडीत टिकणारी जात. लेबलवर उणे वीसपर्यंतची हमी होती. वडीबद्दल लेबल गप्प होतं. चारुदत्त दिवसभर कंपनीत गाड्यांच्या बॅटऱ्या हिवाळ्यात उबदार कशा ठेवायच्या ते बघायचा आणि घरी येऊन तेच अळवासाठी करायचा. पान मात्र तोडू द्यायचा नाही. पानं कंदाला पोसतात, पोसलेला कंद हिवाळा काढतो. ऋषिपंचमीच्या भाजीतसुद्धा त्यानं पालक घालायला लावला. शेजारचे लिंडनर या अळवाला शोभेचं झाड समजायचे, आणि आजवर तरी त्यांचंच बरोबर होतं.

त्याची आई, प्रभाताई, ऑगस्टमध्ये आल्या होत्या. उद्या दुपारी म्युनिकहून त्यांचं विमान होतं. गुडघ्यांचं बघता ही खेप शेवटची, हे त्यांनी आल्या दिवशीच बॅग उघडता उघडता सांगून टाकलं होतं. चारुदत्तला त्यांच्या हातची अळूवडी खायची होती. या घरात, या पानांची. त्यासाठीच तर सगळा खटाटोप. फक्त दिवस ठरायचा राहिला होता.

साडीवर मुलाचं जाकीट चढवून प्रभाताई बागेत उतरल्या.

"अहो आई, टोपी," स्वरूपा दारातून म्हणाली.

त्यांनी एक पान उलटं केलं आणि मधल्या शिरेवरून अंगठा फिरवला. मग दुसरं. तिसऱ्याला हातही लावला नाही.

"जून झाली रे."

"मोठी झालीयेत, आई. बघ ना केवढी."

"तेच म्हणतेय."

"शिरा काढू आपण. लाटण्यानं चेपू."

"चारू, याची छत्री होईल. वडी नाही व्हायची. गुंडाळायला गेलं की तडकणार." त्यांनी पान सोडून दिलं. "मी आले तेव्हा होती कोवळी. म्हटलं, तू सांगशील."

"तेव्हा कापली असती तर कंद बारीक राहिला असता."

"हो ना. आता बरा आहे ना कंद?"

"चांगला आहे."

"झालं तर मग."

चारुदत्त खाली बसला आणि सुरीनं एकेक देठ कापायला लागला. पानं हातातून निसटून गवतावर पडत होती, ताटाएवढी, परातीएवढी. अंधारून आलं होतं, म्हणून प्रभाताईंनी त्याचा फोन घेऊन उजेड धरला. आत जायचं त्यांनी काही नाव काढलं नाही.

सगळं कापून झाल्यावर मधोमध एक पान उरलं. नवं, पोपटी, अजून पुरतं उलगडलेलंही नव्हतं. चारुदत्तनं पेंढ्याची पिशवी ओढली.

"ते ठेवलंस?"

"तो मधला कोंब आहे. त्याला हात लावायचा नसतो. त्याच्यावर पेंढा, पेंढ्यावर कापड, कापडावर बादली उपडी. मग पुढच्या वर्षी तो सगळ्यात आधी वर येतो."

"आणि वडी?"

"पुढच्या वर्षी करू ना."

प्रभाताईंनी उजेड तसाच धरून ठेवला. "कोण करणार?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि तेही भाजी आज काय करायची असं विचारावं तसं.

वडी स्वरूपालाही येत होती, चांगली येत होती. पण हे आत्ता बोलायचं नाही एवढं तिला कळलं.

चारुदत्त पेंढ्याची मूठ हातात धरून बसून राहिला. मग त्यानं ती परत पिशवीत टाकली, कोंबाभोवतीची माती जरा बाजूला सारली आणि सुरी अगदी बुडाशी लावली.

एका पानाची वडी होत नसते. प्रभाताईंनी केली. बेसनात गूळ बेतानं घातला, चिंच मात्र नेहमीपेक्षा जास्त. कोणाच्या कुळातलं अळू, त्याचा भरवसा काय. बोटभर उंडा झाला. तो इडलीच्या भांड्यात एकटाच वाफवला, त्याच्या चकत्या कापल्या, चमचाभर तेलात परतल्या आणि सगळ्या चारुदत्तच्या ताटलीत वाढल्या.

"तुम्ही घ्या ना एक," स्वरूपा म्हणाली.

"मला काय करायचीय? साताऱ्याला मोरीच्या पाण्यावर रान माजलंय नुसतं. खायला माणूस नाही."

चारुदत्तनं एक चकती तोंडात टाकली. हळूहळू चावली, गिळली. मग थोडा वेळ ताटलीकडे बघत राहिला आणि दुसरी घेतली.

प्रभाताई ओट्याला टेकून त्याचं तोंड बघत होत्या.

"खाजत नाही ना रे?"

चारुदत्तनं नुसती मान हलवली. तोंडानं नाही म्हणायचं तर आधी घसा खाकरावा लागला असता.