उतारावर न्यूट्रल

घाटाच्या उतारावर हेरंबने गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. मागच्या छोट्या ट्रेलरमध्ये शर्वाणीची मातीची भांडी होती, तिच्या पहिल्या प्रदर्शनासाठी घडवलेली.

“गिअरमध्ये घे. ट्रेलर मागून ढकलतोय,” ती बायकोच्या नेहमीच्या धीराने म्हणाली.

“डिझेल वाचतं. तुला गाडीतलं काय कळतं?”

तिसऱ्या वळणावर जळका वास आला आणि ब्रेक लागेनात. हेरंब ब्रेकचं पेडल दाबतच राहिला. “डोंगराच्या बाजूला घे!” ओरडत शर्वाणीने हँडब्रेक ओढला. गाडी मातीच्या ढिगाला टेकून थांबली. मागे भांडी फुटल्याचा आवाज आला.

“वाचलो!” तो हसला. “भांडी काय, पुन्हा करशील.”

दोन वर्षं राबली होती ती. तिने किल्ली काढून घेतली.

“उतर. तू एसटीने ये.”

ब्रेक गार झाल्यावर ती दुसऱ्या गिअरमध्ये घाट उतरली, एकटीच.