खोडलेला नमुना

जवळ सरका, मायबाप. एका विद्वानाची मान कशी खाली गेली, ते सांगते.

वऱ्हाडातल्या एका प्रयोगशाळेत डॉक्टर देवपुजारी कापसाच्या बोंडअळीची वंशावळ अभ्यासायचे. त्या अळ्यांचे पतंग जोपासायच्या चिमणाबाई. हल्ली त्या घडीघडी पदर तोंडाला लावून पतंगांच्या काचेच्या खोलीबाहेर यायच्या.

“साहेब, पाखरायच्या पंखायची भुकटी छातीत बसते जी.”

“बहाणे पुरे! मी सगळ्यांचं रक्त तपासलंय. इथे कुणालाच अ‍ॅलर्जी नाही.”

“तुम्ही तं काचेतूनच पाहता,” बाई हसल्या आणि पुन्हा आत गेल्या.

चौथ्या दिवशी त्या आतच कोसळल्या. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पतंगांचीच अ‍ॅलर्जी. अ‍ॅलर्जी उसळली की मास्ट पेशी जे एन्झाइम सोडतात, ते रक्तात बघा केवढं वाढलंय!”

देवपुजारी चपापले. वर्षापूर्वी त्यांनी सगळ्यांच्या रक्तात हेच एन्झाइम मोजलं होतं. एकाच नमुन्याचा आकडा चढला होता. बाकीच्यांशी जुळेना, म्हणून यंत्राची चूक समजून त्यांनी तो खोडला होता. नळ्यांवर नावं नव्हती, नुसते क्रमांक होते. धावत जाऊन त्यांनी वही काढली. तो क्रमांक चिमणाबाईंचा होता.

परत येऊन ते खाटेपाशी उभे राहिले. क्षमा मागायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात बाईंनीच मास्क बाजूला सारून विचारलं, “साहेब, पाखरायले मधाचं पाणी ठेवलं का कोणी? बावन्नावी पिढी हाय. माह्यापायी उपाशी मरू देऊ नका.”

साहेबांना वर बघवेना.

तर मायबाप, अंगात सुती सदरा चढवाल, तेव्हा पतंगांच्या खोलीतल्या त्या चिमणाबाईंची एकवार आठवण काढा.