सावडीचा गडी

भातलावणीत दिवसभर चिखलात वाकून उभं राहायचं सावळाआबांच्या अगदी जिवावर आलं होतं, आणि घरात आठ महिन्यांचा नातू होता.

लावणीआधी पंधरा दिवस आबांनी मन लावून मेहनत घेतली. बाळाला वेळच्या वेळी नाचणीचं सत्त्व भरवलं, दुपारी छातीवर थोपटून निजवलं. खेळ मात्र एकच. टॉवेलाआड तोंड लपवायचं आणि "भ्वाऽऽक! म्या हितंच हाय रं!" म्हणत बाहेर काढायचं. बाळ खदखदून हसायचं. दुसऱ्या कुणी त्याला उचललं, की आबा हळूच टॉवेल तोंडावर घेत आणि काढतच नसत. मग बाळ असा टाहो फोडी, की गोठ्यातली गुरं रवंथ करायची थांबत.

लावणीच्या दिवशी धोंडाबाईंनी हात टेकले. "दिपाली, बाळाला ह्यांच्यापाशीच ऱ्हाऊ दे. दुसऱ्या कुणाकडं गपच बसत न्हाई बग," त्या सुनेला म्हणाल्या.

आबा नाइलाज झाल्यासारखा चेहरा करून आंब्याखाली बसले.

शेजारचा गेनू सावडीला आला होता. आज त्यानं इथं राबायचं, उद्या ह्यांच्यातल्या एकानं त्याच्या शेतात. आबांपेक्षा दोनच वर्षांनी धाकटा. दिवसभर वाकल्या वाकल्या तो आंब्याखालचा खेळ बघत होता. संध्याकाळी पाय धुऊन, कंबर धरत तो आबांपुढं येऊन उभा राहिला.



"आबा, उद्या आमच्याकडं माणूस नगं. बाळ धाडा."