नवऱ्याकडची मध्यस्थ

संसार सांधायचा की तोडायचा, हे ठरवायला काझींनी रिवाजाप्रमाणे दोन मध्यस्थ बसवले होते. बायकोकडून तिचा थोरला भाऊ आणि नवऱ्याकडून त्याची मोठी बहीण. नणंदेकडून तिला कसलीच आशा नव्हती. शिवणाचं दुकान तसंच टाकून बाई आली होती. गळ्यात मापाची टेप लोंबत होती आणि जीभ तर कात्रीहून धारदार.

आधी भाऊ बोलला. "भांड्याला भांडं लागायचंच, काझीसाहेब. आमचीच जरा हट्टी आहे. समज देऊन परत पाठवू."

माहेरचं दार लागलेलं तिला बसल्या जागी ऐकू आलं. समोर नवरा खुर्चीत सैलावून बसला.

"तुमचं काय म्हणणं?" काझींनी नणंदेला विचारलं.

"हिला मोकळं करा. आजच्या आज."

"आपा!" नवरा उसळला. "तू माझ्याकडून बसली आहेस!"

नणंदेने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "हिचे कपडे मीच शिवते, काझीसाहेब. हल्ली ही भर उन्हाळ्यात प्रत्येक कुर्त्याची कॉलर आणखी वर करून मागते. काल माप घेताना मी हिची ओढणी बाजूला केली. गळ्यावर बोटांचे वळ आहेत."

मग नणंद आपल्या भावाकडे वळली आणि तिचा आवाज पहिल्यांदाच कापला.

"मी तुझ्याकडूनच बोलतेय रे. मला एकच भाऊ आहे. त्याला फासावर गेलेलं मला बघायचं नाही."