अपघाताचा जबाब

मोठ्या कॅनमधलं सल्फ्युरिक अ‍ॅसिड छोट्या बाटल्यांत ओतताना ते फाटक्या हातमोज्यातून सुलेखाच्या उजव्या हातावर गेलं. तिनं मोजा ओरबाडून फेकला आणि वीस मिनिटं हात नळाखाली धरून ठेवला, म्हणून बोटं तरी वाचली. संभाजीनगरच्या त्या कॉलेजात ती कंत्राटावर प्रयोगशाळा सांभाळायची.

चौथ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावून घेतलं. टेबलावर तिच्या नावानं टाइप केलेला जबाब तयार होता : 'नवे हातमोजे दिलेले असतानाही मी ते वापरले नाहीत.'

"सर, हे खोटं आहे. नव्या मोज्यांसाठी मी तीन अर्ज दिलेत."

"ते अर्ज कुणाला सापडत नाहीत, सुलेखाताई. आणि जूनमध्ये तुमचं कंत्राट संपतंय. सही करा, नवं करून देतो."

शिपायानं बाहेरून दार ओढून घेतलं. घरी सासू अंथरुणाला खिळलेली होती आणि वाळूजच्या कारखान्यातली नवऱ्याची नोकरी दिवाळीतच गेली होती. सुलेखानं तो कागद पुन्हा वाचला. मग तिला एकदम सुचलं. तिनं पट्ट्या गुंडाळलेला हात वर केला.

"सही कशी करू, सर? बोटं वळतच नाहीत."

आता सुटले, असं तिला क्षणभर वाटलं. प्राचार्यांनी ड्रॉवरमधून शाईचा पॅड काढून पुढं सरकवला.

"मग डाव्या हाताचा ठसा चालेल."



एम.एस्सी. केमिस्ट्री झालेल्या सुलेखानं जन्मात पहिल्यांदा अंगठा उठवला.