तिसरी शिट्टी

आज संध्याकाळी अंधेरीत आमच्या देवेशचा पहिला शो आणि त्याची संगीताची दोन मशिनं एकमेकांशी जुळायला तयार नाहीत. सीक्वेन्सर ठोका देतो, सॅम्पलर त्यात भरलेले आवाज वाजवतो, पण प्रत्येक वेळी उशिरा. “आई, सिंकची पार वाट लागलीय!” परवापासून हेच ऐकतेय. त्याने दोन्ही मशिनं जोडणारी मिडी केबल बदलली, सेटिंग्ज बदलली. मी कुकरची रिंग बदलली, कारण माझं दुखणं वेगळंच. तीन शिट्ट्या मोजून गॅस बंद करते तरी डाळ कच्चीच. वर ह्यांची बोलणी खा. आत्ता गॅलरीत कपडे वाळत घालताना शिट्टी झाली आणि मी ओल्या हातांनी गॅस बंद करायला धावले. बघते तर कुकर बेसिनमध्ये, अजून घासायचाय. मागून देवेश नाचतच आला. “आई, जुळलं! सॅम्पलरमध्ये भरलेली तुझ्या कुकरची शिट्टी अगदी ठोक्यावर आली!” “मग डाळही त्या मशीनमध्येच शिजव!”