उपड्या तांब्यावरचा पेला

किल्लारीच्या भूकंपात चार वर्षांची लेक शकू गेली, तेव्हापासून पारूबाई रोज उशाशी उपड्या तांब्यावर पेला ठेवायची. जमीन हलली की पेला पडेल, जाग येईल. तिनं विसरावं म्हणून नवऱ्यानं शकूचं नावच घरात काढू दिलं नाही. पारूबाई तीस वर्षं गुमसुम बसून राहिली. लोक म्हणाले, "स्वभावच हाय." काल लातूरच्या डॉक्टरांनी मुलाला, रविकांतला, तिच्या मेंदूचा फोटो दाखवला, "आठवणींची जागा आक्रसलीय. एवढी वर्षं नैराश्य अंगावर का काढलं?" आज वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या क्लासच्या पोरींनी कॉट ओढली अन् पेला खणकन पडला. पारूबाई जागची हलली नाही. रविकांत तिच्याजवळ येऊन बसला. त्यानं जन्मात पहिल्यांदा ते, फक्त लोकांकडून ऐकलेलं, नाव घेतलं, "आई, आपली शकू..." "कोण शकू?" रविकांत काय सांगणार? शकू गेली तेव्हा तो आईच्या पोटात होता.